मामांची मोटार

समास कसे सोडवावेत हे मी गेली काही वर्षे वर्गात शिकवीत आले आहे; नट आणि बोल्ट कसे सोडवावेत हे शिकण्याची पाळी मात्र गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत आली. घरी कोंकणी बोलणाऱ्या, शाळेत मराठी शिकविणाऱ्या आणि कला शाखेची पदवी घेतलेल्या बाईने मोटारीच्या इंजिनावर लेख लिहावा याचे आमच्या विद्यार्थ्यांना हसू येईल. त्यांनी खुशाल हसावे. परंतु लेख शेवटपर्यंत वाचावा.

मोटार माझ्या मामांची. मामा मूळचे फोंड्याचे. तरुणपणी पोटासाठी हैदराबादेस आले, लालागुड्याच्या रेल्वे कारखान्यात फिटर म्हणून लागले, आणि निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. २००६ साली निवृत्तीचे पैसे हाती आले तेव्हा त्यांचे सोबती कोणी काशीस गेले, कोणी मुलीचे लग्न उरकले. मामा गोव्यास गेले आणि येताना एक जुनी, तांबड्या रंगाची, दोनच आसनांची मोटार घेऊन आले. मामी बिचारी फाटकाशी उभी राहून म्हणाली, "आणि माणसे कुठे बसायची?"

'सॅन स्टॉर्म' हे त्या मोटारीचे नाव. आजच्या मुलांना ते ठाऊक असण्याचे कारण नाही, कारण ती गाडी आता निघत नाही. १९९८ साली ती बाजारात आली. आकृती एका फ्रेंच मंडळीने आखलेली, इंजिन रेनॉ कंपनीचे, ११४९ घन सेंटिमीटरचे, आणि बांधणी गोव्यातली. अंगावर पत्रा नाही, फायबरचे कवच. त्यामुळे गाडी हलकी, आणि हलकी म्हणून चपळ. साठेक अश्वशक्तीचे इंजिन आज कोणाला फारसे वाटणार नाही, पण भार कमी असला की थोडे बळही पुष्कळ होते. 'आमच्या गोव्यात केलेली स्पोर्ट्स कार' एवढ्या एका वाक्यावर मामांनी ती घेतली होती, आणि त्या वाक्यावर वाद घालण्याची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती.

हैदराबादला मोटारींचे कौतुक नवे नाही. चौमहल्ला राजवाड्यात १९१२ सालची पिवळी रोल्स-रॉइस पाहुण्यांना आवर्जून दाखवितात. ज्या सहाव्या निजामासाठी, मीर महबूब अली खान यांच्यासाठी, ती मागविली, ते १९११ सालीच निवर्तले. त्या गाडीत बसणे त्यांच्या नशिबी नव्हते. शाळेच्या सहलीत आम्ही ती दोरीच्या अलीकडून पाहिली आहे. मामांना ती कधीच फारशी आवडली नाही. चालत नाही ती गाडी कसली, ते कपाट, असे त्यांचे मत.

पण गेल्या दोन वर्षांत मामांची मोटारही कपाटच होऊ पाहत होती. त्यास दोन कारणे झाली. पहिले, मामांच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. या विकारात डोळ्यामागची दृष्टीची नस हळूहळू सुकते, आणि बहुधा आधी कडेची नजर जाते; समोरचे दिसत राहते, म्हणून माणसाला बरेच दिवस पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही; औषधाने उरलेली फार तर राखता येते. मामा सांगतात, आपण नळीतून पाहिल्यासारखे जग पाहतो. डॉक्टरांनी सांगण्याच्या आधीच त्यांनी आपण होऊन चावी खुंटीला लावली. दुसरे कारण मोटारीचे. इंजिनाच्या मागल्या टोकाचे रबरी सील वयोमानाने कडक झाले, त्यातून तेल झिरपू लागले आणि ते क्लचच्या तबकडीवर गेले. क्लचचे सारे काम घर्षणावर चालते. तेलकट हाताने कोणी हात धरला तर जसा निसटावा, तसा तो निसटू लागला. इंजिन ओरडे, गाडी जागची हलेना.

क्लच बसतो इंजिन आणि गिअरपेटी यांच्या मधोमध. म्हणजे तो बदलायचा तर या दोघांची फारकत करणे आले. नुसती गिअरपेटी खालून उतरविता येते, पण त्यासाठी गाडीखाली उताणे पडून ते ओझे छातीवर घ्यावे लागते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मामांनी ठरविले की दोन्ही जोडलेलीच वरून काढायची आणि जमिनीवर ठेवून वेगळी करायची. गॅरेजवाल्याकडे द्या, असे आम्ही सर्वांनी परोपरीने सांगितले. ते म्हणाले, "गॅरेजवाल्याला पुढच्या वर्षीही दिसेल. मला दिसेल की नाही कोण जाणे." यावर कोण काय बोलणार?

अशा रीतीने कामाला तीन माणसे लागली: मामा, मी, आणि शेजारचे वृद्ध मोटार-मेकॅनिक, ज्यांना सारी गल्ली 'उस्ताद' म्हणते. उस्तादांची दखनी, मामांची कोंकणी आणि माझी पुस्तकी मराठी अशा तीन भाषांत ते काम चालले. परंतु हत्यारांपाशी आलो की तिघांची भाषा बव्हंशी एकच होई. एक दिवस चहाच्या वेळी मी त्यांना सांगितले की ज्यात आपण रेडिएटरचे पाणी काढले ते 'घमेले', ज्यात जुने तेल ओतले ते 'पिंप', खुंटीवरची 'चावी', आणि तुम्ही दोघे 'मिस्त्री', हे चारही शब्द पोर्तुगिजांच्या गलबतांतून आपल्याकडे आले. उस्ताद म्हणाले, "और नक्को?" मी म्हटले, तो मात्र आमच्या मराठीने तुमच्या दखनीला दिला. त्यांना ते फार आवडले.

कामाचा क्रम मामांनी आदल्या रात्री मला लिहून घ्यायला लावला होता. प्रथम पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू केले, ते आपोआप बंद पडेपर्यंत. म्हणजे नळीत दाबाखाली असलेले पेट्रोल संपते आणि नळी सोडताना अंगावर उडत नाही. मग बॅटरी. तिची ऋण बाजू आधी सोडायची, कारण धन बाजू सोडताना पाना चुकून सांगाड्याला टेकला तर ठिणग्यांचा वर्षाव होतो. ऋण बाजू सुटली असली की तो धोका उरत नाही. रेडिएटरचे हिरवे पाणी घमेल्यात घेऊन लगेच झाकले. ते चवीला गोड आणि पोटात विषारी असते, आणि आमच्या गल्लीतली मांजरे चौकस आहेत.

यानंतर तारा. इंजिनाला किती तारा चिकटलेल्या असतात याची कल्पना मोटारीत नुसते बसणाऱ्याला येणे शक्य नाही. मला तो एखाद्या लांबच लांब मिश्र वाक्यासारखा प्रकार वाटला. मुख्य वाक्य कोठे हे कळेपर्यंत गौण वाक्येच सोडवीत बसायचे. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना मी क, ख, ग अशी चिठ्ठी बांधली. ज्ञ संपला तेव्हा बाराखडी घेतली. बोल्टांसाठी पुठ्ठ्यावर इंजिनाची आकृती काढून जेथला बोल्ट तेथेच खोचून ठेवला. उस्ताद आधी हसत होते, तिसऱ्या दिवशी स्वतःच विचारू लागले, "बाई, ये किधर का है?"

धुराड्याचा नळ, क्लचची तार, गिअरचा दांडा आणि चाकांकडे जाणारे दोन्ही फिरते दांडे सुटले. बतुकम्माचे दिवस होते. संध्याकाळी गल्लीत बायका फुलांच्या राशीभोवती फेर धरीत, आणि आम्ही तिघे काळ्या हातांनी दारात उभे राहून पाहत असू.

पाचव्या दिवशी इंजिन उचलायचे ठरले. मामांच्या मोटारघराच्या छताखाली आडवा टाकलेला एक रुळाचा तुकडा आहे. कधीकाळी लिलावात घेतलेला. त्याला राणीगंजहून भाड्याने आणलेली एक टनाची साखळीची कप्पी अडकविली. ही कप्पी मोठी गुणी वस्तू आहे. आतल्या दंतचक्रांमुळे हातभर साखळी ओढावी तेव्हा ओझे बोटभर वर जाते, पण ओढायला बळ इतके थोडे लागते की मी एकटी ते यंत्र उचलू शकत होते. शिवाय हात सोडला तरी ओझे जागीच राहते. आत तशी अटकाव करणारी कळ असते.

साखळी ताणली, भार कप्पीवर आला, मग उस्तादांनी इंजिन धरून ठेवणारे शेवटचे बोल्ट काढले. गिअरपेटीची बाजू खाली, इंजिनाची वर, असे तिरपे करून ते बाहेर काढायचे होते. मी ओढीत होते, उस्ताद वळवीत होते, मामा बाजूला उभे राहून एक तळवा इंजिनावर ठेवून "सवकास, बाय, सवकास" म्हणत होते. गाडीचे नाक, अंगावरचा भार गेल्यामुळे, हळूहळू वर येऊ लागले.

एकाएकी मामा ओरडले, "राव!" राव म्हणजे आमच्या कोंकणीत थांब. मी थांबले. मला काहीच वेगळे दिसले नव्हते, उस्तादांनाही नाही. मामा म्हणाले, साखळीचा आवाज बदलला. खाली काहीतरी धरून आहे. टॉर्च मारून उस्तादांनी पाहिले, दिसेना. तेव्हा मामांनी डोळे मिटले आणि त्या लोंबत्या ओझ्याखाली न जाता, कडेने, गिअरपेटीच्या पाठीमागे हात घातला. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. मग ते म्हणाले, "मिळाली." तांब्याच्या तारांची विणलेली एक चपटी पट्टी, इंजिनापासून सांगाड्याला विजेचा परतीचा मार्ग देणारी, पेटीमागे दडून बसली होती. अजून चार बोटे ओढले असते तर ती तुटली असती, किंवा जेथे बसविली होती तो बारीक कान मोडला असता. आणि या गाडीचा तो कान आता कोणत्या दुकानात मिळणार! मामांनी न पाहताच तिचा बोल्ट सोडला आणि माझ्या हातात दिला. मी त्याला चिठ्ठी बांधली.

इंजिन लाकडी फळ्यांवर उतरले तेव्हा उस्तादांनी मामांना खुर्ची दिली. मामा खुर्चीवर बसले नाहीत, जमिनीवर बसून त्यांनी गिअरपेटी वेगळी करविली, सील बोटांनी चाचपले आणि एवढेच म्हणाले, "हेंच." नवी तबकडी आणि नवे सील आठवड्याने मिळाले. चढविण्याचे काम उतरविण्याच्या उलट क्रमाने, असे पुस्तकात एका ओळीत लिहिलेले असते. आम्हाला त्या ओळीला तीन रविवार लागले.

शेवटच्या रविवारी सारे जागच्या जागी बसले, पुठ्ठा रिकामा झाला, आणि घमेल्यात एक बोल्ट उरला. त्याला चिठ्ठी नव्हती. उस्तादांचा चेहरा उतरला. त्यांनी इंजिनाभोवती दोन फेऱ्या मारल्या. मामांनी तो बोल्ट मागितला आणि त्याच्या आट्यांवरून अंगठ्याचे नख फिरविले. मग खिशातून गाडीचा एक नट काढून त्यावर चढवू पाहिला. अर्ध्या आट्यात तो अडकला. आजच्या मोटारींचे आटे मिलिमीटरच्या मापाचे असतात, आणि जुन्या इंग्रजी धाटणीच्या कामातले, व्हिटवर्थ नावाच्या कारागिराने १८४१ साली ठरवून दिलेले, इंचाच्या मापाचे. दोघांची जात वेगळी, चढाव वेगळा. "हा गाडीचा नव्हे," मामा म्हणाले. "हा डब्याचा. माझ्या हत्यारांच्या पेटीतून पडला असेल. लालागुड्याचा आहे." आणि तो त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकला.

पेट्रोलच्या नळीत पुन्हा दाब यायचा होता, म्हणून पहिल्या खेपेला इंजिन नुसते खोकले. दुसऱ्या खेपेला सुरू झाले. आसने दोनच, उस्ताद चाकाशी बसले, मामा त्यांच्या शेजारी. मी फाटक उघडले.