थांबण्याचा हिशेब

वेगाचें कौतुक करणारे लोक पुष्कळ. परंतु वेग आवरण्याच्या साधनाकडे आस्थेनें पाहणारा मनुष्य विरळा. मोटारीचें वर्णन करितांना जो तो तिच्या इंजिनाची शक्ति सांगतो. तिच्या ब्रेकाची विचारपूस कोणी करीत नाहीं. साहित्याच्या अध्यापकास तर हा विषय अगदींच परका. परंतु नात्याचें माणूस त्यांत गुंतलें म्हणजे परका विषयही घरचा होतो, आणि आमचें तसेंच झालें.

आमचा भाचा इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें नोकरीस असतो. त्याजपाशीं फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय ही गाडी आहे. दिसावयास साधी, मागें वर उघडणाऱ्या दाराची, बाजारहाटाची गाडी. पोटांत मात्र शर्यतीच्या घोड्याचें काळीज. ‘हॉट हॅच’ म्हणून जी मोटारींची जात आज ओळखली जाते, तिला लौकिक मिळवून देणारी ही गाडी १९७६ मध्यें विक्रीस आली. कारखान्यानें प्रथम अवघ्या ५००० गाड्या काढण्याचें योजिलें होतें. पुढें लाखों खपल्या. मौज ही कीं, इंग्लंडांत आलेल्या पहिल्या पिढीच्या गाड्यांचे ब्रेक बदनाम होते. जर्मनांनीं गाडी आंखली ती डावीकडे बसणाऱ्या चालकासाठीं. इंग्रजांकरितां चक्र आणि पेडल उजवीकडे नेलीं. परंतु ब्रेकास जोर देणारी यंत्रणा डावीकडेच राहिली, आणि दोहोंमध्यें एक आडवा दांडा घालून वेळ मारून नेली. चालकाच्या पायाचा हुकूम, सरकारी कचेरींतील अर्जाप्रमाणें, मुक्कामीं पोंचण्यापूर्वीं वाटेंतच थोडा जिरे! अशा गाडीचे ब्रेक सुधारण्याची खटपट त्या देशांत मुरली, ती कांहीं निव्वळ चैन म्हणून नव्हे.

दोन वर्षांपूर्वीं भाचा आपली गाडी घेऊन लेस्टरशायरांतील डोनिंग्टन पार्कच्या शर्यतीच्या मार्गावर गेला. ठराविक दिवशीं पैसे भरून हौशी लोकांस तेथें आपापली गाडी मनसोक्त पळवितां येते. सहाव्या फेरींत एका वळणापूर्वीं त्यानें पेडल दाबलें, तों तें लोण्यांत पाय रुतावा तसें खालीं गेलें. गाडी कडेच्या खडींत शिरून थांबली. कोणास इजा झाली नाहीं. पुढच्याच आठवड्यांत त्यानें मोठ्या चकत्या व लाल रंगाचे सहा पिस्टनांचे कॅलिपर आणण्याचा बेत केला. त्याची आई, म्हणजे आमची धाकटी बहीण, हिचा आम्हांस फोन आला : “दादा, तो तुझें ऐकतो. ती गाडी विकायला सांग त्याला.” तिचें म्हणणें अवास्तव नव्हतें, कारण रविवारीं शर्यतीच्या मार्गावर धांवणाऱ्या त्याच गाडींतून सोमवारीं तिची चार वर्षांची नात शाळेंत जाते.

उपदेश करण्यापूर्वीं विषय समजून घ्यावा, ही आमची अध्यापकी खोड. तिला अनुसरून आम्हीं थोडें वाचन केलें आणि थोडा हिशेबही केला. ब्रेक वेगाचा नाश करीत नाहीं. तो वेगाची उष्णता करितो. १४०० किलो वजनाची गाडी ताशीं १६० किलोमीटर वेगावरून एकदां थांबविली, तर निघणाऱ्या उष्णतेनें सुमारें चार लिटर पाणी उकळीस येईल. ताशीं ६० किलोमीटरांवरून थांबविल्यास हीच उष्णता सातव्या हिश्शावर येते. गांवच्या रस्त्यावर दोन ब्रेकांच्या मध्यें चकत्यांना निवावयास उसंत मिळते. शर्यतीच्या मार्गावर एका फेरींतच अनेक वेळां ही चूल पेटते. ती धग अखेर ब्रेकऑईलापर्यंत पोंचते. हें ऑईल हवेंतील ओलावा शोषून घेतें. ‘डॉट ४’ प्रतीचें ताजें ऑईल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळतां कामा नये. तेंच पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर उतरते. ऑईल उकळलें कीं वाफ होते. द्रव दबत नाहीं, वाफ दबते, आणि चालकाचा पाय खालीं जातो. भाच्याच्या गाडींतील ऑईल तीन वर्षांचें जुनें होतें. तेव्हां अपराधी चकत्या नव्हत्या. निमूटपणें मुरलेलें पाणी होतें.

मोठ्या चकत्या लावल्या म्हणजे गाडी लवकर थांबते, ही समजूत सार्वत्रिक आहे. परंतु आजच्या चांगल्या गाडीचे मूळचे ब्रेकही चाक जखडण्याइतके समर्थ असतात. त्यापुढें गाडी किती अंतरांत थांबावी हें टायर ठरवितो. मोठ्या चकतीचा खरा गुण म्हणजे तापूनही न थकणें. फ्रेडरिक लँचेस्टर यानें १९०२ मध्यें चकतीच्या ब्रेकाचें पेटंट घेतलें. पण त्याचें तेज जगास दिसलें तें १९५३ च्या ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतींत. कॉव्हेंट्रीच्याच जॅग्वारनें ती डनलपच्या चकत्यांवर जिंकली, आणि इतरांचे ड्रम तापून दमत असतां तिचे ब्रेक फेरीमागून फेरी तसेच राहिले, हें त्या विजयाचें मोठें कारण. उलट, पुढच्या चाकांना भलतेच मोठे कॅलिपर लावले तर पुढच्या-मागच्या ब्रेकांचा तोल बिघडूं शकतो. पॅडांचीही तीच गोष्ट. अस्सल शर्यतीचे पॅड तापल्यावांचून नीट धरीत नाहींत. थंडीच्या सकाळीं पहिला ब्रेक लावतांना ते कच खातात, आणि किंचाळतात तें वेगळेंच.

हें सर्व आम्हीं भाच्यापाशीं काढलें, तेव्हां तो क्षणभर थांबून म्हणाला, “मामा, शाळेच्या वाटेवर ती मागें बसलेली असते. पहिल्याच ब्रेकाला गाडी थांबली पाहिजे.” यापुढें आम्हांस उपदेश करण्याचें कारण उरलें नाहीं. गाडी विकण्याविषयीं आम्हीं शब्द काढला नाहीं, तो विचारपूर्वक. वेगाची ओढ गाडीबरोबर विकली जात नाहीं. आणि जेथें समोरून कोणी येत नाहीं, पाळतीला माणसें असतात, अशा ठिकाणीं ती भागविणें हें हमरस्त्यावर भागविण्यापेक्षां शतपट बरें.

भाच्यानें लाल कॅलिपरांचा बेत सोडला. अधिक उष्णतेस न उकळणारें ताजें ऑईल, थंडींतही धरणारे मध्यम प्रतीचे पॅड, आणि रबरी नळ्यांच्या जागीं पोलादी जाळीच्या नळ्या, एवढेंच त्यानें घातलें. शेवटची फेरी सावकाश घेऊन ब्रेक निवूं द्यावयाचे, आणि तापलेल्या गाडीचा हातब्रेक ओढावयाचा नाहीं, हे दोन नियम त्यानें बिनखर्चाचे पाळले. लाल कॅलिपर चाकांतून चारचौघांस दिसतात. ऑईल कोणास दिसत नाहीं. आपणही दिवाळीस दिवाणखान्याची भिंत रंगवितों आणि तिच्या पोटांत झिरपणारा नळ तसाच ठेवितों.

बहिणीस आम्हीं हें सगळें समजावून सांगितलें. “म्हणजे विकणार नाहीं तर,” एवढेंच ती म्हणाली, आणि बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग तिनें विचारलें, “तें ऑईल कितीं दिवसांनीं बदलायचें?” वर्षाला, असें आम्हीं सांगितलें. तेव्हांपासून तिच्या भिंतीवरील कालनिर्णयांत मे महिन्याच्या एका चौकोनांत, एकादशीच्या शेजारीं, ‘ऑईल’ असा शब्द पेन्सिलीनें लिहिलेला असतो. आणि त्या दिवशीं कॉव्हेंट्रीस फोन गेल्यावांचून राहत नाहीं.