राण्यांची जोडी

गौरी-गणपतीत आमच्या राजापूरच्या घरी जागरणाला तीन पत्ती रंगायची. पैशांच्या जागी चिंचोके. मी दहा वर्षांची, आत्याच्या मांडीला टेकून तिची पानं बघत बसलेली. एका रात्री समोरचे काका बराच वेळ ब्लाइंड खेळत होते. मग त्यांनी पानं उचलली, पाहिली आणि लगेच चाल दुप्पट केली. आत्याच्या हातात राण्यांची जोडी होती. तिने ती पालथी टाकून दिली.

"अगं आत्या, जोडी होती ना!" मी कळवळले.

"पानं तीच आहेत गं. पण आता त्याने त्याची पाहिलीत."

तो राग मी बरीच वर्षं जपला. ते वाक्य मात्र मला समजलं शिकागोत. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाचा टेनेसीचा हिशेबनीस ऑनलाइन पात्रता फेरीतून लास वेगासला पोचला आणि पोकरच्या वर्ल्ड सिरीजचे २५ लाख डॉलर जिंकला. त्यानंतर अमेरिकेत घरोघरी होल्डेम हा पोकरचा प्रकार सुरू झाला. आमच्या ऑफिसातलं टोळकंही शुक्रवारी एकाच्या तळघरात जमू लागलं. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, मधली पाच नंतर उघडतात. ती उघडण्याआधीच एकाने पैसे वाढवले आणि दुसऱ्याने त्यावर आणखी चढवले, तर त्याला थ्री-बेट म्हणतात. दोनदाच वाढवलेलं असताना 'तीन' कुठून आले, हे मला आधी कळेना. पानं बघण्याआधीच सक्तीने लावायचा मोठा ब्लाइंड हीच पहिली बोली धरतात, म्हणून.

तिथे मला पुन्हा राण्यांची जोडी आली. ब्लाइंड एक आणि दोन डॉलरचे. मी ८ केले. शेवटी बोलणाऱ्या सहकाऱ्याने २६ केले. मी पुढ्यातले होते नव्हते ते दोनशे ढकलले. त्याने क्षणाचाही विचार न करता राजांची जोडी दाखवली. मधल्या पानांत चौकटची राणी आली आणि मी जिंकले. सगळ्यांनी पाठ थोपटली. घरी आल्यावर मात्र मला झोप लागेना. मी बरोबर खेळले म्हणून जिंकले नव्हते, एवढं मला आतून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसले. माझ्या हातात दोन राण्या असताना समोरच्याकडे एक्क्यांची जोडी ६ प्रकारे असू शकते, राजांची ६ प्रकारे, आणि एक्का-राजा १६ प्रकारे. एकूण २८. एक्का-राजापुढे माझी जोडी थोडी वरचढ, शंभरात छप्पन-सत्तावन्न वेळा जिंकणारी. मोठ्या जोड्यांपुढे मात्र पाचातून एकदाही धड नाही. सगळं मिळून चाळीस टक्क्यांच्या आसपास. मधे ३७ डॉलर पडलेले, मला भरायचे १८. म्हणजे तेहतीस टक्के पुरत होते. तेव्हा नुसते १८ भरून पुढची पानं बघणं रास्त होतं. पण हे गणित एक्का-राजालाही चढवणाऱ्या माणसाचं. माझा तो सहकारी कित्येक शुक्रवारांत एक्के किंवा राजे असल्याशिवाय कधी चढवत नव्हता, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. एक्का-राजाचे ते १६ प्रकार खोडले की उरतात १२, आणि ते बाराही मला भारी. त्याच्यापुढे दोनशे ढकलणं ही चूकच होती. चौकटच्या राणीने ती फक्त झाकली.

त्या वहीने मला बरंच सोडायला शिकवलं. पोकरवर लिहिणाऱ्या डेव्हिड स्क्लान्स्कीने मांडलेली एक गोष्ट मला आजही फार मोलाची वाटते: आपण पहिल्यांदा वाढवायला जी पानं पुरतात, ती दुसऱ्याच्या वाढीला तोंड द्यायला पुरत नाहीत. एक्का-गुलाम किती देखणा दिसतो! पण समोर एक्का-राजा असला तर चारांतल्या तीन वेळा तो मार खातो, आणि मधे एक्का उघडला की आपण उलट जास्तच अडकतो. त्यातून बोलायची पाळी आधी आपली असेल, तर पुढची प्रत्येक चाल अंधारात. त्याउलट एकाच रंगाचा एक्का-पंजा हल्लीचे जाणकार कधीकधी पुन्हा चढवायला वापरतात. एक एक्का आपल्याच हातात असला की समोरच्याच्या एक्क्यांच्या जोड्या सहावरून तीनवर येतात. एका पानाने दुसऱ्याच्या हातातल्या शक्यता कमी होतात, हे पहिल्यांदा मोजलं तेव्हा मला अपार आनंद झाला होता.

परत आल्यावर एकदा पणजीला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर खेळले. शेजारी एक वयस्कर गृहस्थ. दोन तासांत त्यांनी एकही डाव लढवला नव्हता. मला इस्पिक आणि बदामची राणी आली, मी वाढवलं, आणि त्यांनी शांतपणे तिप्पट केलं. मी खूप वेळ घेतला. वहीतले २८ आणि १२ डोळ्यांपुढे होते. मग राण्या पालथ्या टाकल्या. त्यांनी पानं न दाखवता डीलरकडे सरकवली. ती कुठली होती, हे मला कधीच कळणार नाही. ते न कळणं मला जिंकलेल्या दोनशे डॉलरपेक्षा सुसह्य वाटलं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने कायद्याने बंदी आणली. माझा खेळ त्याआधीच घरात आला होता. भाची सुट्टीला आली की आम्ही राजापूरचा चिंचोक्यांचा जुना डबा काढतो. या दिवाळीत मी दहा चिंचोके वाढवले, तिने तीस केले. संध्याकाळपासूनची ही तिची चौथी चढाई. एकदा तर सत्ता-अठ्ठ्यावर केलेली मी पाहिली होती. मी माझ्या राण्या पुन्हा एकदा पाहिल्या आणि चिंचोके पुढे सारून नव्वद केले.

ती ओठ चावत बसली. मग पानं टाकली.

"आत्या, काय होतं? सांग ना!"

"तुझे तीस होते, साठ आणखी भरायचे. मग दाखवलं असतं," मी म्हणाले, आणि राण्या कॅटमध्ये मिसळून पिसायला घेतल्या.