आपली टीम कोणती?

चोरखमारा ही आमची सासुरवाडी. नागझिऱ्याच्या जंगलाला खेटून वसलेले गाव. पर्यटक इथे वाघ बघायला येतात, मी पाहुणचार झोडायला. २०२४ च्या डिसेंबरात गेलो, तर जेवता जेवता मेहुण्याने विचारले, "भाऊजी, तुमची टीम कोनती? पुणेरी पलटन का यू मुंबा?"

मी पडलो बी. कॉम. लगेच हिशेब मांडला. प्रो कबड्डी २०१४ साली आठ संघांनी सुरू झाली, २०१७ साली बारा झाले. महाराष्ट्राच्या नावे दोन, दोन्ही सह्याद्रीच्या अल्याडपल्याड. विदर्भाच्या खात्यात शिल्लक शून्य! शिवाय खेळाडू लिलावातले. बदल्या आमच्याही होतात, पण बोली लावून कुणी नेत नाही.

"आपली टीम गावच्या मंडळाची!" मी बाणेदारपणे म्हणालो.

"मंडळात आता सात पोट्टे जमत नाही, भाऊजी. आपला मोठा चढाईत पहिला होता. तो पुन्याले गेला, कंपनीत."

रात्री टीव्हीवर बालेवाडीचा सामना लागला. मेहुणा खेळाकडे बघतच नव्हता. प्रेक्षकांत पोरगा शोधत होता. मग मीही शोधू लागलो.

पलटन जिंकली की हरली, विचारू नका. आम्हां दोघांनाही ठाऊक नाही.