बायकोसाठी ‘मेलेला’ नवरा

किस्लोव्हस्की म्हणजे गंभीर, जड, फिल्म सोसायटीवाल्यांचा दिग्दर्शक, असंच आजवर कानावर आलेलं. मग त्याचा ‘थ्री कलर्स: व्हाइट’ इतका धमाल आहे हे मला कुणीच कसं सांगितलं नाही? सिनेमा १९९४चा! काल रात्री बघितला आणि आज भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे.

गोष्ट तर ऐका. करोल हा पोलंडचा केशरचनाकार, स्पर्धांमध्ये बक्षिसं मिळवलेला. बायको डॉमिनिक फ्रेंच. ती पॅरिसच्या कोर्टात घटस्फोट मागते, कारण लग्न झाल्यापासून शरीरसंबंधच आलेला नाही. कोर्टाच्या पायऱ्यांवरच कबुतर त्याच्या कोटावर घाण करतं. आत सगळा कारभार फ्रेंचमध्ये, ह्याला दुभाष्या लागतो. बायको तोंडावर सांगते, आता प्रेम उरलेलं नाही. बँकेचं कार्ड बंद, राहायला जागा नाही. शेवटी मेट्रो स्टेशनात बसून तो कंगव्यावर गाणं वाजवत पैसे मागतो.

तिथूनच तो तिला फोन लावतो, आणि ती मुद्दाम त्याला दुसऱ्या पुरुषाबरोबरचे आवाज ऐकवते. आपल्या पोटात कालवतं. करोल काय करतो? फोन ठेवतो आणि मशीनने गिळलेले दोन फ्रँक परत द्या म्हणून खिडकीवरच्या माणसाशी हमरीतुमरीवर येतो! मिळवतोच. अख्ख्या फ्रान्समध्ये त्याच्या पदरात पडलेला तेवढाच न्याय. ते नाणं तो पुढे जिवापाड जपतो. काय सीन आहे हो!

पासपोर्ट नाही, म्हणून मायदेशी जायचं तेही एका नव्या मित्राच्या सुटकेसमध्ये अंग मुडपून. वॉर्साच्या विमानतळावर चोर नेमकी तीच बॅग पळवतात, उघडतात तर आत माणूस! त्याला बडवून बर्फाच्छादित कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर फेकतात. रक्ताळलेल्या तोंडाने करोल आजूबाजूला बघतो आणि खूश होतो, की आलो एकदाचा घरी! मी एकटीच टाळ्या वाजवत होते.

कम्युनिस्ट राजवट जाऊन चार-पाच वर्षं झालेला तो पोलंड, जो तो पैशामागे. करोलही जमिनीच्या व्यवहारात गब्बर होतो. पण सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी: पॅरिसची ती बाई एकदा वॉर्सात आली पाहिजे. फोन केला तर ती ठेवून देते. मग हा पठ्ठ्या मृत्युपत्रात इस्टेट तिच्या नावावर करतो, एक प्रेत विकत आणतो, आपण मेल्याचं जाहीर करतो आणि स्वतःच्याच अंत्यविधीला लांब दुर्बीण घेऊन उभा राहतो. ती रडतेय का, एवढंच बघायला! आणि ती रडते. करोल झालेल्या झ्बिग्निएव्ह झामाखोव्हस्की या नटाचा तेव्हाचा चेहरा बघाच. डॉमिनिक झालेली ज्युली डेल्पी फारशी बोलतही नाही, तरी तिच्यासाठी माणूस एवढी उठाठेव का करेल ते लख्ख कळतं. मनधरणी कुठे संपते आणि सूड कुठे सुरू होतो, हे करोललाही ठाऊक नसावं, आणि म्हणूनच ही प्रेमकथा मला इतकी खरी वाटली.

शेवट सांगणार नाही, तो तुमचा तुम्ही बघा. ‘थ्री कलर्स’ या त्रयीतले ‘ब्ल्यू’ आणि ‘रेड’ नंतर बघितले तरी चालतील, सुरुवात इथूनच करा. जेमतेम दीड तासाचा सिनेमा आहे, सबटायटल्सचा कंटाळा करू नका. आणि घरात रुसवेफुगवे चालू असतील, तर दोघांनी मिळूनच बघा.