ब्राह्मणपुरीची फुगडी

श्रावणात नंदुरबारच्या स्थानकावर उतरून तुम्ही शहाद्याच्या वाटेला लागलात, तर प्रकाशे येथे तापी ओलांडावी लागते. शहादा मागे पडले की दुतर्फा केळी, पपई, कापूस दिसू लागतो आणि उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ. त्या रेघेच्या अलीकडे, काळ्या जमिनीत ब्राह्मणपुरी वसलेली आहे. गाव पाहायचे म्हणून तिथे सहसा कोणी जात नाही. माझी मावशी तिथे राहते आणि कानबाईचे आमंत्रण होते, म्हणून मी गेले.

नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. नारळाला डोळे लावून, नथ घालून देवी सजवतात. रोटांसाठी पांगलेले भाऊबंद एका घरी जमतात. रात्र गाण्यांत सरते. सोमवारी देवीला नदीकडे नेताना बायका वाटेत फुगड्या घालतात. एरवी कंबर धरून उठणाऱ्या बायकाही त्या दिवशी पदर खोचून उभ्या राहतात, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे.

मावशी एकाहत्तर वर्षांची. दोन वर्षांपूर्वी ती ओल्या अंगणात घसरली आणि मनगट मोडले. हाड काही आठवड्यांत जुळले, भीती मात्र जुळून बसली नाही. ती भिंतीच्या कडेने चालते, वळताना चौकट धरते. तिचा मुलगा काळजीपोटी तिला उंबऱ्याबाहेर पडू देत नाही. तुमच्या घरात कोणी पडले असेल, तर पुढचे तुम्हाला ठाऊक असेल. पडण्याच्या भीतीने माणूस हालचाल कमी करतो, त्यामुळे मांड्यांतले बळ ओसरते, तोल कच्चा होतो आणि पडण्याचा संभव उलट वाढतो. आपण प्रेमाने घातलेली बंदी या चक्राला हातभारच लावते. हे लिहिताना मला माझ्या मावसभावाचा राग येत नाही. मीही माझ्या आईच्या बाबतीत तेच केले होते.

रविवारी रात्री अंगणात पुण्याहून आलेली माझी पुतणी आपला नवा नाच दाखवत होती. बचाता हे त्याचे नाव. हा डोमिनिकन प्रजासत्ताकातला जोडीचा नाच. 2019 मध्ये युनेस्कोने त्याला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. तीन पावले बाजूला टाकायची आणि चौथ्या ठोक्याला पाऊल नुसते टेकवायचे, त्यावर भार द्यायचा नाही. तिने शिकलेली एक ऐटदार गिरकी होती. उजव्या हातात उजवा, डाव्यात डावा अशी हातांची फुली करायची, हात उचलायचे आणि जोडीदाराने त्याखालून फिरून पुन्हा समोर यायचे. जोडीदाराला ओढायचे नाही. कुठे वळायचे ते हाताच्या हलक्या दाबाने कळवायचे. तीच तिच्या मते सगळ्यांत अवघड गोष्ट.

खाटेवरून मावशी म्हणाली, "हाई ते फुगडीच शे!"

तिचे खोटे नव्हते. फुगडीतही हातांची फुली असते, आणि समोरची जितकी मागे झुकते तितकेच तुम्हाला झुकावे लागते. एकीने भार चुकवला की दुसरी पडते. पण जुन्या पद्धतीची वेगवान, मागे रेललेली फुगडी या वयात नको, हे मावशीनेच सांगितले. मग दोघींनी मिळून एक वेगळीच चाल बसवली. ती तुम्हालाही घरी करता येईल, म्हणून सविस्तर लिहिते.

जमीन कोरडी हवी, पाय अनवाणी किंवा न घसरणाऱ्या चपलेत, आणि मागे भिंतीला टेकवलेली भक्कम खुर्ची. मनगटे न धरता एकमेकींच्या कोपराखालचा हात धरावा. मोडलेल्या मनगटावर ताण येत नाही आणि पकडही सुटत नाही. हात डोक्यावर न्यायचे नाहीत, मागे रेलायचे नाही. जुळलेल्या हातांभोवती दोघींनी तीन छोटी पावले टाकत पाव फेरा घ्यायचा आणि चौथ्या ठोक्याला पाऊल टेकवून थांबायचे. ही थांबण्याची जागा मला फार मोलाची वाटली. घाबरलेल्या माणसाला पुढच्या पावलाआधी विचार करायला सवड मिळते. एका पायावर गर्रकन वळू नये, पावले मोडत वळावे. कानाच्या आतल्या नलिकांतला द्रव आपण थांबल्यावरही क्षणभर फिरत राहतो आणि म्हणून चक्कर येते. तेव्हा चार पाव फेऱ्यांनंतर उभे राहून समोरच्या चेहऱ्याकडे पाहावे, मगच उलट दिशेने फिरावे. मान वळवताच घेरी येत असेल, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, सांधा नुकताच बदललेला असेल किंवा मणक्याची हाडे ठिसूळ झाली असतील, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून हे करू नये.

नाच हा म्हाताऱ्यांचा विषय नव्हे असे वाटणाऱ्यांसाठी एवढेच, की कंपवाताच्या रुग्णांसाठी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये 2001 साली नृत्यवर्ग सुरू झाले, आणि आपल्या पुण्यातही नर्तक हृषीकेश पवार यांनी अशा रुग्णांना नाच शिकवला आहे.

त्या रात्री मावशीला सहा वेळा पाव फेरा जमला. सातव्याला तिने पुतणीचा हात इतका आवळला, की मुलगी कळवळली. मावसभाऊ दारात उभा होता. "पुरे आता," तो म्हणाला. मावशी बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "तू धर." त्याने धरले, पण पडणाऱ्याला सावरावे तसे, काखेत हात घालून. पुतणीने त्याचे हात सोडवून कोपराखाली ठेवले. आईने दिलेला भार घ्यायचा, तिला उचलायचे नाही, हे त्याला कळायला बराच वेळ लागला.

सोमवारी कानबाई निघाली तेव्हा तो प्लास्टिकची खुर्ची खांद्यावर घेऊन मिरवणुकीच्या मागे चालत होता. पोरे हसत होती. देवळापाशी फुगडीचे रिंगण झाले, तिथे माय-लेकांनी कडेला उभे राहून एक पूर्ण फेरा घेतला, थांबत थांबत. मग ती खुर्चीत बसली आणि उरलेल्या बायकांच्या फुगड्यांना टाळ्या वाजवत राहिली. नदीपर्यंत दोनदा बसली. परतीच्या वाटेवर त्या खुर्चीवर पाण्याची घागर ठेवून दोन पोरे ती उचलून आणत होती, आणि मावशी रस्त्याच्या मधून चालत होती.