द्यूतनगरी आणि घरची थैली

प्रवासाने मन विशाल होते, हे सर्वमान्य आहे. परंतु प्रवासास कोठे जावे या प्रश्नाने एकत्र कुटुंबातील मने काही काळ संकुचितच होतात, असा आमचा देवणीचा अनुभव आहे. यंदा घरातील तरुण मंडळींनी पणजी व गंगटोक अशी दोन नावे पुढे केली. समुद्र आणि हिमालय ही निमित्ते झाली. दोहोंकडे कॅसिनो, म्हणजे राजमान्य द्यूतगृहे आहेत, हे खरे आकर्षण होय, आणि मंडळींनी ते लपविलेही नाही. तेव्हा आम्ही दोन्ही स्थळांची तुलना मोकळ्या मनाने करून पाहिली.

महाराष्ट्रात ही सोय नाही. कॅसिनोंविषयीचा १९७६ चा कायदा येथे कधी अंमलात आलाच नाही, व २०२३ साली तो रद्द झाला. पणजीस मांडवीच्या पात्रात दिव्यांनी झगमगणारी जहाजे उभी असतात व लहान होडीतून तेथे जावे लागते. गंगटोकास हाच खेळ सुमारे साडेपाच हजार फूट उंचीवर, डोंगरावरील बड्या हॉटेलांत चालतो. गोवा आम्हांस जवळचा. सिक्कीमसाठी न्यू जलपायगुडीपर्यंत आगगाडी व पुढे तिस्तेच्या काठचा घाटरस्ता. पावसाळ्यात तो दरडींनी वारंवार अडतो. उलटपक्षी, आभाळ निवळले म्हणजे जे कांचनगंगेचे दर्शन घडते, त्याला गोव्याजवळ उत्तर नाही.

खेळाचे गणित मात्र दोन्हीकडे एकच. एका शून्याच्या चक्रावर ३७ घरे असतात. नेमक्या घरावर लावलेला रुपया जिंकला तर ३५ रुपये आणि मूळचा एक परत मिळतो. सर्व घरांवर एकेक रुपया ठेवला तर ३७ देऊन हाती ३६ येतात. उरलेला रुपया मालकाचा. यावर आमचे एक पुतणे म्हणाले, ‘काका, नाटकाच्या तिकिटाचे पैसे तरी कोठे परत मिळतात?’ युक्तिवाद वाईट नाही. शिवाय आम्ही द्यूताचे सोवळे पाळतो असेही नव्हे. कार्तिक शुद्ध प्रतिपदेस द्यूतप्रतिपदा हेच नाव आहे, आणि त्या रात्री आमच्याही घरी सारीपाट मांडला जातो.

परंतु तिकिटाची किंमत आधी ठरलेली असते. पणाची ठरलेली नसते. धर्मराजाने धन व राज्य घालविल्यावर आधी चारही भावांना पणास लावले, मग स्वतःला, आणि शेवटी द्रौपदीला. एकत्र कुटुंबात राहणाऱ्यास या क्रमातले भय निराळे सांगावे लागत नाही. पटावर बसतो एक, पणास लागते सारे घर. आमची थैली सोयाबीनच्या पट्टीची आणि थोरल्या वहिनींच्या शाळेतील पगाराची. तीतला कोणताही रुपया एकट्याचा नाही.

हे केवळ आमचे जुनाट मत समजू नये. सिक्कीम सरकारने २०१६ साली आपल्या रहिवाशांना या द्यूतगृहांची दारे बंद केली. गोवा सरकारने १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना तेथे मज्जाव केला. म्हणजे या खेळाचा घाव घरावर पडतो, हे दोन्ही यजमानांस पुरते ठाऊक आहे. आपल्या रीतीप्रमाणे जे घरच्यांच्या पानात तेच पाहुण्याच्या पानात वाढतात. येथे घरच्यांस अपथ्य ठरलेले पक्वान्न पाहुण्यास आग्रहाने वाढले जाते, व त्यावरचा कर खजिन्यात जमा होतो! दोन स्थळांतला भेद शोधू जाता आम्हांस सापडले ते हे साम्य.

अखेर गोवाच ठरला. कारण काकूंच्या गुडघ्यांस घाटरस्ता मानवणारा नाही. मंगेशी, शांतादुर्गा आणि समुद्र हे सर्वांचे. मांडवीची जहाजे काठावरून पाहावयाची. ज्या कोणास होडीत बसावेसे वाटेल, त्याने स्वतःच्या कमाईतील आकडा आधी आपल्या पत्नीस सांगावा व मगच पाय उचलावा, एवढा एकच नियम आम्ही केला आहे. तो ऐकल्यापासून घरात गंगटोकाचे नाव निघालेले नाही, आणि जहाजांचेही फारसे निघत नाही.