अंगठ्याचा भरवसा नको

पुणे

चि. सई,


तू विचारलंस ते एवढंच की सायकलच्या मागच्या चाकाला कोणता टायर घेऊ. त्याचं उत्तर एका ओळीत देता आलं असतं. पण त्याखाली तू सहज लिहून गेलीस, "हवा मोजत बसत नाही मामा, अंगठ्याने दाबलं की कळतं," त्याने माझी झोप उडाली. सोबतचा व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. माउंट फ्रोम डोंगरावरच्या त्या ओल्या मुळावर तुझं पुढचं चाक सटकलं, तू पाय टेकलास आणि हसलीस. मला हसू आलं नाही. चाक मुळावर चढलं तेव्हा टायर जरासुद्धा दबला नाही, मुळाला बिलगला नाही. तीस पीएसआयच्या आसपास हवा असणार त्यात.

अगं, अंगठ्याला काय कळतं? पातळ केसिंगच्या टायरमध्ये पंचवीस पीएसआय असली तरी तो मऊ लागेल, आणि दुहेरी पदराच्या जाड टायरमध्ये वीस असली तरी टणक लागेल. अंगठ्याला टायरची भिंत कळते, आतली हवा कळत नाही. आपले आप्पा अंगठ्यानेच बघायचे, हे तू ऐकवशीलच. पण आप्पांची सायकल बाजीराव रस्त्यावर डांबरावरून चालायची. हवा कमी असली तर पायडल जड जायचं, एवढंच. ओल्या दगडांच्या उताराशी त्यांची गाठ कधी पडली नाही.

मोठ्या पंपावरच्या काट्यावरही जाऊ नकोस. त्या तबकडीवर १६० पर्यंत आकडे, आणि आपलं काम वीस-पंचविशीतलं. काटा जागचा हलतो न हलतो तोवर आपली हवा भरून झालेली असते. कमी दाबाचा डिजिटल गेज घे आणि कायम तोच वापर. दोन गेज दोन आकडे सांगतात. खरा कोणता याचा काथ्याकूट करू नकोस, एकालाच धरून राहा. आणि मोजायचं ते चालवायच्या दिवशी, निघताना. घरातल्या वीस अंशांच्या उबेत चोवीस भरलीस आणि बाहेर शून्य अंश असले, तर जवळजवळ अडीच पीएसआय थंडीनेच कमी होतात.

हवा सोडून तुम्हा मुलांना धक्के सोसणाऱ्या फोर्कचं फार कौतुक. किती मिलिमीटर, कोणत्या कंपनीचा, किती क्लिकवर ठेवला. कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत १९७६ साली रिपॅकच्या शर्यती सुरू झाल्या, तेव्हा त्या मंडळींकडे ना सस्पेन्शन होतं ना डिस्क ब्रेक. जुन्या जडशीळ सायकली आणि फुगीर टायर. धक्के सोसायला होती ती टायरमधली हवाच. आजही पहिला धक्का टायरच खातो, फोर्क त्याच्यानंतर. तो पहिलाच टप्पा तू अंदाजावर सोडतेस आणि मग हँडल हाताला झोंबतं म्हणून फोर्क उघडायला निघतेस!

बॅग-हेल्मेटसकट तू पासष्ट किलोची धरतो. पुढे वीस, मागे तेवीस. इथून सुरुवात कर. ओळखीच्या एकाच वळणावर तीन-चार वेळा उतर आणि दर खेपेला एकेक पीएसआय बदल. मागची रिम दगडावर ठणकली तर एक-दोन वाढव. वळणात टायर रिमखाली लोळल्यासारखा वाटला तरी वाढव. जमलेला आकडा वहीत लिही. फोनमध्ये नको, वहीत.

आता टायर. मागे मॅक्सिसचा डीएचआर टू घे, २.४ इंची, डबलडाउन केसिंगचा, मॅक्सटेरा रबराचा. ब्रेक दाबल्यावर त्याचे नॉब माती धरून ठेवतात. वजन वाढेल, चढावर कुरकुरशील. कुरकुर. मागचं चाक दगडांवर जास्त आपटतं. भिंत पातळ असली तर कमी हवेत ती कापली जाणार.

पण त्याच्या आधी पुढचा टायर बदल. पुढे मॅक्सिसचाच असेगाय, २.५ इंची, मॅक्सग्रिप रबर. दक्षिण आफ्रिकेचा डाउनहिल रेसर ग्रेग मिनार याच्या साथीने तो घडवला गेला. मधले नॉब आणि कडेचे नॉब यांच्यामध्ये त्यात मोकळा पट्टा ठेवलेला नाही, तिथेही नॉब आहेत. त्यामुळे सायकल अर्धवट कललेली असतानाही जमीन सुटत नाही, आणि तू नेमकी तिथेच घसरतेस. रबर मऊ आहे, भराभर झिजेल. झिजू दे. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं. पुढचं घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही.

ट्यूबविना टायर चढवताना त्याच्या कडेला साबणाचं पाणी लाव. रिमवर आणि टायरवर लिहिलेल्या दाबांपैकी जो कमी, त्याच्या वर जाऊ नकोस. टक्-टक् आवाज आले म्हणजे टायर बसला असं समजू नकोस. रिमलगत टायरवर एक बारीक रेघ असते, ती चाकभर सारख्या अंतरावर दिसली पाहिजे, दोन्ही बाजूंनी. सीलंट १२० मिली. ते दोन-तीन महिन्यांत वाळतं, तेव्हा चाक हलवून आत खळखळतंय का बघत जा. व्हॉल्व्हची चकती पक्कडीने आवळू नकोस. रानात ट्यूब घालायची वेळ आली तर बोटांनी सुटली पाहिजे. 

आणि हे ऑफिसनंतर एकटीने जाणं. नोव्हेंबरात तिकडे लवकरच अंधारतं. पाला, चिखल, मुळं, सगळं एका रंगाचं होतं. एक दिवा हेल्मेटवर, एक हँडलवर, हे तरी करतेस ना? विनीतला सोबत यायला जमत नसेल तर दुसरं कुणी शोध. नॉर्थ शोअर माउंटन बाइक असोसिएशनची माणसं त्या वाटा दुरुस्त करतात, त्यांच्या श्रमदानाला जा, ओळखी होतील. कुठल्या वाटेने उतरणार आणि किती वाजेपर्यंत घरी येणार, हे कुणाला तरी सांगून निघ. व्हिडिओ मी ताईला दाखवलेला नाही. तिने विचारलं तर मात्र मी खोटं बोलणार नाही.

रविवारी फोन करशील तेव्हा आधी दोन आकडे सांग, पुढचा आणि मागचा.

तुझा,
मामा

ता. क. मागच्या चाकात फोमचं इन्सर्ट घालायचं तुझ्या मनात आहे, हे विनीतकडून कळलं. घाल, पण आधी महिनाभर वर सांगितलेल्या हवेवर चालव. इन्सर्ट आहे म्हणून हवा वाटेल तेवढी उतरवायची, हे मला मान्य नाही.